दोनदा वरचा बाण

अण्णाला दवाखान्यातून घरी आणल्यावर चार महिन्यांनी मी त्याच्या कॉम्प्युटरवर एक सोय करून दिली. तेव्हा मला तिचं इतकं कौतुक वाटलं होतं की कॉलेजातल्या दोघीतिघींना बोलावून सांगितलं. आता कुणी तो विषय काढला तर मी उठून जाते. पण लिहायला बसलेच आहे तर ती सोय काय होती ते आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच झालं.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. आई-अप्पा गेल्यावर विद्यानगरच्या घरी आम्ही दोघंच राहतो. त्याचं लग्न जमलं नाही, माझं जमून मोडलं, आणि त्यावर बोलायचं दोघांनीही कधीच सोडून दिलं. मी एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळते. तो घरी बसून एका लहानशा ऑफिसचं काम बघायचा. ते ऑफिस अमरगोळला, मार्केट यार्डाच्या पलीकडे दोन खोल्यांत आहे. मिरचीच्या हंगामात तिथे गेलं की आधी पाच शिंका, मग नमस्कार. आसपासच्या गावांतले पाच-सहा डॉक्टर आपल्या पेशंटांच्या एक्स-रेची चित्रं तिथे पाठवायचे. पेशंट वर्षाने परत आला तर जुनं चित्र काढून नव्याशेजारी ठेवता यावं, एवढ्यासाठी ती जपून ठेवायची. मालक अण्णाच्या वर्गातला. चित्रं जिथे साठत ती मोठी डिस्क ठीक चालते का ते बघायचं आणि रोज सकाळी इंटरनेटवरून तिची घरच्या दुसऱ्या डिस्कवर नक्कल उतरवायची, हे अण्णाचं काम. पगार बेताचा होता, पण हुबळीत त्या कामातलं माझ्याइतकं कुणाला कळत नाही, असं तो म्हणायचा आणि ते खोटं नव्हतं.

मलाही हे सगळं त्यानेच शिकवलं. अप्पांचं हुबळीच्या लॅमिंग्टन रोडला वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. मागच्या खोलीत, कोऱ्या वह्यांच्या गठ्ठ्यांमागे, अण्णाने जुने भाग जोडून एक कॉम्प्युटर उभा केला होता. मी तेव्हा आठवीत. त्यात चित्रं नाहीत, माऊस नाही, फक्त काळा पडदा आणि लुकलुकणारी एक रेघ. आपण ओळ लिहायची, एंटर दाबायचं, की यंत्र ते काम करणार. लिहिलेली प्रत्येक ओळ ते लक्षातही ठेवायचं. वरचा बाण दाबला की मागची ओळ पुढे यायची, पुन्हा दाबला की तिच्या मागची. अण्णाचे नियम दोन. एंटरवर बोट ठेवण्याआधी ओळ पूर्ण वाचायची; वाचली नाही तर डोक्यात टपली. आणि एखादी ओळ पुसापुशीची असेल, तर तिच्या आधी एक स्पेस सोडायची. सुरुवातीला स्पेस असलेली ओळ यंत्राने लक्षात ठेवू नये, अशी एक सेटिंग असते आणि अण्णा ती सगळीकडे लावून ठेवायचा.

"विंचू मारलास तर मारलास," तो म्हणायचा, "उशाखाली कशाला ठेवतीस? उद्या कुणाचा तरी हात पडतोय की त्याच्यावर."

असली शिस्त मी नंतर दुसऱ्या कुणात बघितली नाही. कॉलेजात शिकून आलेल्या पोरांना मी हे सांगते तेव्हा ती माझ्याकडे बघून हसतात.

मग त्याला ताप आला. आधी आम्ही साधाच धरला. चौथ्या दिवशी त्याला फिट आली, आणि दवाखान्यात कळलं की मेंदूला सूज आहे. तीन आठवड्यांनी तो उठून बसला, मला ओळखलं, अप्पांच्या दुकानातल्या कामगारांची नावं ओळीने सांगितली, आणि दहा मिनिटांनी विचारलं, "मी कुठं हाय गं?" मी सांगितलं. पुन्हा दहा मिनिटांनी तेच. डॉक्टर म्हणाले, जुनं आहे तसं राहील, नवीन मात्र टिकणं कठीण आहे. फार वेळा घडलेलं किंवा फार लागलेलं काही राहीलही, बघू. हे 'बघू' डॉक्टरांनी कसं म्हटलं तेवढ्यावरून मला सगळं समजलं होतं.

घरी आल्यावर तो दिवसातून चार वेळा दाढी करायला निघायचा. जेवून उठला की "जेवण झालंय काय आपलं?" पण कॉम्प्युटरपुढे बसवला की बोटं पूर्वीसारखीच पळायची. नक्कल का घ्यायची, कशी घ्यायची, चुकली तर काय होतं, हे सगळं तो मला समजावून सांगू शकत होता. अडायचं ते एकाच ठिकाणी. नक्कल उतरवायची ओळ लांबलचक. ती लिहिताना अर्ध्यावर आला की सुरुवात कशासाठी केली होती तेच विसरायचा. मग पुसायचा, पुन्हा सुरू करायचा. एकदा मी दाराआडून बघत होते, त्याने तीच ओळ अकरा वेळा सुरू केली. बाराव्या वेळी हात मांडीवर घेऊन नुसता बसला.

मालकाला मी सांगितलं होतं की थोडा अशक्तपणा आहे. खरं सांगितलं असतं तर त्याने वाईट मानलं नसतं, पण दुसरा माणूस ठेवला असता, ठेवावाच लागला असता. आणि ते काम गेलं की अण्णाजवळ काय उरत होतं? एक दाढीचं सामान आणि मी. सकाळी नऊला तो शर्ट घालून, भांग पाडून त्या खुर्चीत बसायचा तेवढा एक तास तो माझा अण्णा असायचा. तो तास मला काही करून टिकवायचा होता. म्हणून सकाळची नक्कल कितीतरी दिवस मीच, कॉलेजला जायच्या आधी, घाईघाईने उतरवून जायची, आणि त्याला वाटायचं त्यानेच केली.

आणि मग मला ती सोय सुचली. यंत्राला सगळं आठवतं ना, मग आठवायचं काम त्यानेच करावं. मागची ओळ शोधायची एक पद्धत पूर्वीपासून असते, कंट्रोल आणि आर दाबून. अण्णा ती झोपेतही वापरायचा. पण ती दाबली की पडद्यावरची नेहमीची सुरुवात जाऊन भलतेच शब्द येतात, आणि आजारानंतर तो ते बघून बिचकायचा, कुठेतरी चुकीच्या घरात शिरल्यासारखा. म्हणून मी वरच्या बाणालाच नवं काम लावलं. बाण दाबल्यावर यंत्राला नक्की काय ऐकू जातं ते शोधलं, नाव टिंबाने सुरू होतं अशा एका छोट्या फाईलमध्ये दोन ओळी लिहिल्या, एक वरच्या बाणासाठी, एक खालच्या. आता अण्णाने नुसती दोन-तीन अक्षरं लिहायची आणि बाण दाबायचा. ती अक्षरं ज्या ओळीत कुठेही असतील, तेवढ्याच ओळी मागून पुढे येणार. दुसऱ्या डिस्कवरच्या फोल्डरचं नाव 'नक्कल' होतं, त्यामुळे एन, ए, के एवढं पुरे.

लगे हात आणखीही केलं. यंत्र काही ओळींनंतर जुन्या ओळी टाकून देतं, ती मर्यादा काढली. प्रत्येक ओळीला तारीख-वेळ लावली. आणि कोणत्या ओळी लक्षात ठेवू नयेत हे सांगणारी सेटिंगही पुसली. त्याच्या बाबतीत एकही गोष्ट आता सुटायला नको, असं माझ्या डोक्यात होतं. स्पेसचा नियम त्याच सेटिंगमध्ये होता. पुसताना माझ्या ते लक्षात आलं होतं की नव्हतं, हे मी स्वतःला शंभरदा विचारलंय. आलं असावं. दोन दिवसांत मी ते विसरले, आणि मला तर कसलाही ताप आला नव्हता.

त्या कामात रोज दोन ओळी लागायच्या. पहिली नक्कल उतरवायची. दुसरी पाहायची, म्हणजे सगळी चित्रं आली का ते मोजून बघायची. बसवून बघताना मला एक गंमत सापडली. काल शेवटी पाहायची ओळ दिली होती, तिच्या आधी उतरवायची. म्हणून सकाळी तीन अक्षरं लिहून बाण दोनदा दाबला की उतरवायची ओळ येते. ती दिली की आता ती शेवटची झाली, आणि तिच्या मागे पाहायची. म्हणजे पुन्हा तीन अक्षरं, पुन्हा दोनदा बाण, की पाहायची ओळ. दोन्ही वेळा बोटांची चाल तीच! ओळ कोणती हे आठवायची गरजच नाही. मी एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: एनएके, दोनदा वर, एंटर, पुन्हा तेच. पुठ्ठा पडद्याखाली टेकवून ठेवला.

अण्णाने तो वाचला आणि विचारलं, "आणि वाचायचं कधी?"

"काय वाचायचं?"

"ओळ. एंटरच्या आधी."

"वाच की," मी म्हणाले. पण वाचायला लागला की तो अडायचा, ओळीत हरवायचा, आणि एंटर राहूनच जायचं. म्हणून आठवड्याभराने मीच त्याला म्हणाले, "अण्णा, वाचत बसू नकोस, बरोबरच असतंय ते." ज्याने मला वाचायला टपल्या मारून शिकवलं त्याला मी न वाचायला शिकवलं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, ते अप्पा शेजारच्या दुकानदाराविषयी म्हणायचे तेव्हा मी खूप हसायची.

सोय मात्र चालली. पंधरा दिवसांत ती चाल त्याच्या बोटांत बसली. मी स्वयंपाकघरात असले तरी मला ऐकू यायचं: तीन हलके ठोके, दोन जरा अंतराने, मग एंटरचा एक जोरात. थोड्या वेळाने पुन्हा तसंच. मग "आयतु!" म्हणून आवाज, झालं एकदाचं. तो सकाळी शीळ घालायला लागला. मालकाचा फोन आला की ऐटीत सांगायचा, "सगळं व्यवस्थित आहे, काही काळजी नको." तीन महिने असे गेले. ते माझ्या आयुष्यातले चांगले महिने होते, हे आज लिहितानाही मला नाकारता येत नाही.

मग मोठी डिस्क कुरकुर करायला लागली. मालकाने नवी मागवली. ठरलं असं की शनिवारी संध्याकाळी जुनी काढायची, सोमवारी सकाळी नवी बसवायची आणि अण्णाकडच्या नकलेवरून सगळी चित्रं तिच्यावर भरायची. म्हणजे ते दीड दिवस, जगात कुठे ती चित्रं असतील तर आमच्या 'नक्कल' नावाच्या फोल्डरमध्ये. शनिवारी माझं कॉलेज अर्धा दिवस. दुपारी घरी आले, अण्णा झोपला होता. सहज बघितलं तर गेल्या दोन दिवसांची नक्कल अर्धवट. डिस्क कुरकुरत होती त्यात फायली तुटून आल्या होत्या. मी ठरवलं, सगळं पुसून पहिल्यापासून नक्कल घ्यायची. जुनी डिस्क अजून जोडलेली होती, संध्याकाळपर्यंत वेळ होता. निर्णयात काही चूक नव्हती, आजही मी तेच करीन.

मी अण्णाच्याच खुर्चीत बसले. आधी एक स्पेस सोडली, इतक्या वर्षांची सवय. मग पुसायची ओळ लिहिली, आत-आत जाऊन, काहीही न विचारता सगळं पुसणारी, आणि शेवटी त्या फोल्डरचं नाव. वाचली. एंटर. मग उतरवायची ओळ दिली. नक्कल उतरायला तीन तास लागले, तेवढ्यात मी धुणं वाळत घातलं, इस्त्री केली. शेवटी पडद्यावर 'झालं' अशा अर्थाचं आलं, कुठे चूक दाखवली नव्हती, आणि मी मालकाला फोन करून सांगितलं, काढा डिस्क.

पाहायची ओळ मी दिली नाही. रोज अण्णा देतो तशी ती मी दिली असती, तर दोन ओळींची ती रांग पुन्हा जशीच्या तशी लागली असती आणि काही म्हणजे काही झालं नसतं. पण इस्त्रीचे कपडे हातात होते, आणि मला कंटाळा आला.

रात्री जेवताना अण्णाला सांगितलं, "उद्या रविवार, शिवाय डिस्क काढलीय. उद्या काही करायचं नाही." "बरं की," तो म्हणाला.

रविवारी सकाळी नऊला मी स्वयंपाकघरात वाटाणे सोलत होते. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तो विसरला हे मला कळलं. उठून सांगावं असं वाटलंही. पण मी हिशेब केला: मोठी डिस्कच जागेवर नाही, उतरवायची ओळ दिली तर यंत्र फक्त म्हणेल की असं फोल्डर सापडत नाही. बिघडणार काहीच नाही. बसू दे की त्याला, तेवढंच बरं वाटेल. तीन हलके ठोके आले, मग दोन, मग एंटर. मी वाटाणे सोलत राहिले.

आता रांग अशी होती: सर्वांत शेवटी उतरवायची ओळ, आणि तिच्या मागे, दोन नंबरला, माझी पुसायची. स्पेस सोडलेली, पण ती स्पेस ऐकणारी सेटिंग मी पुसून बसले होते. दोनदा वर. पुसणारी ओळ काम करताना काही बोलत नाही, की झाल्यावर काही दाखवत नाही. अण्णाने पुन्हा तीन अक्षरं लिहिली, दोनदा वर, एंटर. या वेळी उतरवायची ओळ आली, आणि यंत्राने फोल्डर सापडत नाही म्हणून सांगितलं.

"अगं, हे काय म्हणालंय बघ की," त्याने हाक मारली.

मी पदराला हात पुसत आले. शेवटची ओळ वाचली. मला जे दिसायला हवं होतं तेच दिसलं. त्याच्या वर एकच ओळ होती, तिच्याकडे मी बघितलं नाही. "आज सुट्टी आहे, अण्णा," मी म्हणाले, "चल, वाटाणे सोलू लाग." तो आला, आणि आम्ही वाटाणे सोलले.

सोमवारी डिस्क भरायची म्हणून मी रजा घेतली होती, अण्णाला खुर्चीत बसू दिलं नव्हतं. अकराला मालकाचा फोन आला. नव्या डिस्कवर भरायला काहीच नव्हतं. जुनी पुन्हा जोडून बघितली, ती सुरूच होईना. बेंगळुरूला एका माणसाकडे पाठवली. त्याने महिन्याभराने काही चित्रं परत काढून दिली, पण त्यांवरची नावं गेली होती. छात्या आणि बरगड्या नुसत्या, कुणाच्या ते सांगायला कुणी नाही. त्या महिन्यात एकदा मी ऑफिसात गेले होते तर बाकावर अळणावरकडचं एक जोडपं बसलेलं. बाईच्या छातीत डाग होता, गेल्या वर्षीपेक्षा वाढलाय की कमी झालाय हे डॉक्टरांना बघायचं होतं. मालकाने त्यांना कन्नडमध्ये सांगितलं की जुनं चित्र मिळणार नाही. नवऱ्याने विचारलं, "मग आता कळायचं कसं?" बाई माझ्याकडे बघत होती, मी कोण हे तिला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

पण ते नंतरचं. त्या सोमवारी मालकाने मला एवढंच सांगितलं, "काय झालं ते मला खरं कळू दे. दिलेल्या ओळींची फाईल असते ना, ती काढून ठेव, संध्याकाळी घरी येतो, तिघं मिळून बघू." मी फाईल उघडली. प्रत्येक ओळीच्या डोक्यावर तिची वेळ, आकड्यांत. शनिवार दुपार: माझी ओळ. रविवार सकाळ: तीच ओळ, अक्षर न् अक्षर तीच. दोन मिनिटांत सगळं लख्ख समजलं. अण्णाच्या विसरण्याने काहीच बिघडलं नसतं. तो विसरला ते निरुपद्रवी होतं. जे घडलं ते मी आणून ठेवलेलं होतं.

आणि मी शनिवारची ओळ पुसली. तिच्या डोक्यावरची वेळही पुसली. फाईल सेव्ह केली, मग उठून चहा केला. हे मी कुणाच्या सांगण्यावरून केलं नाही, घाबरून भान हरपलं असंही नाही. त्या फाईलमध्ये एकाचाच दोष दिसणार असेल तर आजारी माणसाचा दिसलेला बरा, त्याला कोण काय बोलणार, असा सरळ विचार करून केलं. सात जन्मांची पुण्याई लागते म्हणतात असा भाऊ मिळायला. त्याचं मी हे केलं.

संध्याकाळी मालक आला. पुसायची ओळ पडद्यावर एकटीच, रविवार सकाळ नऊ वाजून काही मिनिटं. मालकाने वाचली आणि अण्णाकडे बघितलं. अण्णानेही ती वाचली. मग पुढे वाकून त्याने ओळीच्या सुरुवातीवर बोट ठेवलं.

"मी कधी लिहिली ते आठवत नाही," तो म्हणाला. "पण माझीच आहे. ही बघ, स्पेस सोडलीय. माझ्याशिवाय कोण सोडतंय ही?"

दारात मी उभी होते. हुबळीत ती स्पेस सोडणारी दोनच माणसं होती.

मालक म्हणाला, "होगलि बिडो," जाऊ दे रे. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. अण्णाची तब्येत खरी कशी आहे ते मग मी त्याला सांगितलं. तेवढं खरं सांगायला मला आता काही जड गेलं नाही, उलट सोयीचं होतं. काम अर्थातच गेलं. मालकाने रागाचा एक शब्द काढला नाही, जाताना अण्णाच्या पाठीवर हात ठेवला.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, फार लागलेलं राहील. ते राहिलं. काल काय खाल्लं, आज वार कोणता, मी कॉलेजला गेले होते का, यांतलं काहीही त्याच्याजवळ टिकत नाही. पण आपल्या हातून लोकांची चित्रं गेली, हे पक्कं बसलं. तो खुर्चीत बसायचा थांबला. सकाळी भांग पाडायचा थांबला. मागच्या महिन्यात शेजारचे काका गुडघ्याचा एक्स-रे घेऊन आले होते, नुसतं दाखवायला. अण्णा उठून उभा राहिला आणि त्यांना हात जोडून म्हणाला, "तुमचं पण गेलं काय माझ्या हातून?" काकांना काही कळेना. मी त्या दिवशी ठरवलं, सांगायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं. सगळं, स्पेस, सेटिंग, इस्त्रीचे कपडे, पुसलेली ओळ. तो चांगला होता तेव्हा जसा ऐकायचा तसा ऐकत होता. मग विचारलं, "फाईल का बदललीस?"

"भीती वाटली."

"कुणाची? त्याची?"

"तुझी," मी म्हणाले.

त्याने ताट सरकवलं आणि दिवसभर माझ्याशी बोलला नाही. मला खरं सांगायचं तर बरं वाटत होतं. आजारानंतर पहिल्यांदा तो माझ्यावर रागावला होता. संध्याकाळी उठून त्याने चहा मागितला, नेहमीसारखा. दुसऱ्या दिवशी सकाळी विचारलं, "माझ्या हातून ती चित्रं गेली, होय ना गं?"

मी पुन्हा सांगितलं. या वेळी तो हसला. "मला बरं वाटावं म्हणून सांगायलीस. पहिल्यापासून तुला खोटं बोलायला येत नाही," आणि माझ्या डोक्यावर थोपटलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, पुन्हा सांगितलं. त्या दिवशी तो रडला, तोंड झाकून, लहान मुलासारखा नाही, मोठ्या माणसासारखा, आणि मला म्हणाला, इतके दिवस मला हे डोक्यावर घेऊन का फिरू दिलंस? दुपारपर्यंत रडणं राहिलं, रडायचं कारण गेलं होतं.

चौथ्या दिवशी मी पोळ्या लाटत होते. तो दारात येऊन उभा राहिला.

"माझ्या हातून ती चित्रं गेली, होय ना गं?"

"होय, अण्णा," मी म्हणाले.

त्याने मान हलवली. मग विचारलं, "माझ्यापायी तुला कुणी काही बोललं नाही ना?"

"नाही," मी म्हणाले.

"मग असू दे," तो म्हणाला, आणि पाट मांडून बसला.